मादी : अज्ञात

सोमवार, ४ मार्च

पोचलो बाई एकदाच्या! दोन ट्रंका, एक वळकटी, भांड्यांचं पोतं आणि टकळीची बडबड, एवढं सगळं घेऊन. त्यातलं शेवटचं ओझं सगळ्यांत जड. टकळी म्हणजे माझी धाकटी बहीण. दहाव्या महिन्यात बोलायला लागली ती आजतागायत थांबलेली नाही, म्हणून बाबांनीच हे नाव ठेवलं. वाटेत गाडीवाल्याला तिने त्याच्या मेव्हण्याच्या पाठदुखीपर्यंत सगळं विचारून घेतलं आणि उतरताना वर औषधही सांगितलं.

घर छान आहे. कीटक-संग्रहालयाच्या मागे नोकरांसाठी चार घरं आहेत. तीन बंद, चौथं आमचं. दोन खोल्या, एक न्हाणी, पुढे आखूड व्हरांडा, खिडक्यांना बारीक जाळी. टकळीने आल्या आल्या उजेडाची खोली बळकावली आणि आजारी माणसाचा तेवढा हक्कच असतो असं मला ऐकवलं. दोन महिने तापाने काढलेत तिने. डॉक्टरांनी हवापालट, भरपूर खाणं आणि आराम सांगितलाय. तेवढ्यासाठी तर ही नोकरी धरली. आई-बाबा गेल्यावर तिला मी आणि मला ती, तिसरं कोणी नाही. ती पुन्हा हिंडूफिरू लागली की मी सुटले.

आल्यावर चार अंडी, अर्धा पाव आणि तीन केळी खाल्ली पोरीने. नशीब, हवा लागू पडलेली दिसते.

मंगळवार, ५ मार्च

कामाचा पहिला दिवस. माझी खोली पहिल्या मजल्यावर, पतंग विभाग. भिंतीभर लाकडी कपाटं, कपाटात उथळ खण, खणांवर काच, आत टाचणीला टोचलेले पतंग ओळीने. सगळीकडे डांबरगोळ्यांचा वास. मी घरी आले तेव्हा टकळी म्हणाली की तुला आता वाळवी लागायची नाही.

किल्ल्या एका म्हाताऱ्या शिपायाकडे असतात. सगळे त्यांना कपाटकाका म्हणतात. बोलायला कंजूष, पण प्रत्येक खण कुठे अडतो ते त्यांना पाठ. साहेब, म्हणजे संचालक, अगदी गोड माणूस. माझं अक्षर पाहून खूश झाले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं मी हेच केलं, वस्तू आणि तिचं नाव यांची जुळवाजुळव. इथे फक्त वस्तूला पंख आहेत.

कामाची पद्धत अशी. प्रत्येक प्रजातीचं एक वर्णनपत्र असतं. त्यावर कुळ, प्रजाती, नर, मादी, अंडी, अळी, कोश असे रकाने. खणातला नमुना भिंगाखाली धरायचा, पाहायचं आणि पेन्सिलीने रकाना भरायचा. साहेब ते तपासून शाईने पक्कं करतात आणि एक प्रत छापायला जाते. ज्या नमुन्यावरून वर्णन केलं त्याला लाल चिठ्ठी लावायची. तो मूळ नमुना. उद्या वाद झाला तर प्रजाती म्हणजे काय, याचा निकाल तो एकटा नमुना देणार. आमच्या आत्याचं घरात जे स्थान होतं, तेच त्याचं.

गुरुवार, ७ मार्च

खण क्रमांक एकशे बारा. काय देखणा प्राणी आहे! पंख पसरले की माझ्या पंजाएवढा. पुढचे पंख वाळल्या पानाच्या रंगाचे, कडेने राखी नागमोडी रेघ, मागचे मळकट गुलाबी. चारही पंखांत एकेक पारदर्शक खिडकी, नखाएवढी, तिच्यातून खालचा कागद दिसतो. अंगावर दाट लव. मिशा पिसासारख्या दुहेरी, फणीच्या दातांइतक्या नेमक्या. अशा मिशा नराला असतात. मादीचा गंध मैलभरावरून त्याला त्यांवरच कळतो.

एकूण एक्केचाळीस नमुने, सगळे नर. ऐंशी वर्षांत कोणाला मादी सापडलेली नाही. शेवटचा नर मिळाला त्यालाही सव्वीस वर्षं झाली. खणात एक जागा मोकळी सोडलेली आहे आणि वर्णनपत्रावर लिहिलंय : मादी : अज्ञात.

आता मला एक खोड आहे. रिकामा रकाना मला बघवत नाही. शाळेत असताना दुसऱ्यांच्या वह्यांतल्या रिकाम्या जागासुद्धा मी भरून द्यायचे आणि शिव्या खायचे.

शनिवार, ९ मार्च

आज आम्ही पोट दुखेस्तोवर हसलो. एकशे बाराचं वर्णनपत्र मी घरी आणलं होतं. घरी आणू नये असं कुठे लिहिलेलं नाही. दुपारी टकळी खाटेवर लोळत होती, मी समोर पेन्सिल घेऊन बसले होते. ती म्हणाली की बिचाऱ्या एक्केचाळीस जणांचं लग्न रखडलंय, तू काहीतरी लिहून टाक. मग मी तिच्याकडे बघत बघत लिहिलं : मादी : गोल चेहऱ्याची, तापाने पांढरी पडलेली, दिवसभर खाटेवर लोळते, इकडची काडी तिकडे करत नाही, तोंड अखंड चालू. वाचून दाखवलं तर तिने उशी फेकून मारली.

नंतर ते खोडून टाकलं. पण जागा पुन्हा रिकामी झाली ना! शेजारच्या खणातली प्रजाती एकशे बाराच्या अगदी जवळची आहे. तिच्या माद्यांना पंख नसतात. तोंडही नसतं. कोशातून निघतात, निघाल्या जागी बसून राहतात, नर शोधत येतात, तेवढंच आयुष्य. बहिणीबहिणींत असतं तसं साम्य असणारच, असा हिशोब करून मी लिहिलं : मादी : पंखहीन, स्थूल, फिकट. तोंड नाही. जागची हलत नाही. वर बारीक अक्षरात ‘अंदाजे’ असंही लिहिलं.

सोमवार, ११ मार्च

साहेबांनी वर्णनपत्र शाईने पक्कं केलं! ऐंशी वर्षांचा रकाना भरला म्हणून माझं केवढं कौतुक केलं. ‘अंदाजे’ हा शब्द मात्र शाईत आला नाही. मी तसं सांगितलं, तर म्हणाले की छपाईत असा कच्चेपणा बरा दिसत नाही, आणि प्रत तर सकाळीच गेली.

कपाटकाकांचा चेहरा उतरला. या खोलीत आधी नमुना आणि मग वर्णन, असं ते मला तीनदा म्हणाले. आधी वर्णन झालं की त्याला नमुना लागतो. आणि शाईत आलेल्या वर्णनात भर घालता येते, वजाबाकी करता येत नाही. मी म्हटलं, काका, सापडली मादी की जुळवून घेऊ. ते किल्ल्या घेऊन निघून गेले. माणूस जरा विक्षिप्तच आहे.

मंगळवार, १२ मार्च

मी नाचायची बाकी आहे! सकाळी दहा वाजता, भर उन्हात, आमच्या घराच्या जाळीवर एकशे बारा नंबरचा नर! जिवंत! पंख हलके थरथरत होते, खिडक्यांतून ऊन आरपार जात होतं. टकळीच्या खोलीच्या खिडकीवर बसला होता, बाहेरून, तोंड आतल्या बाजूला करून. मी धावत जाऊन साहेबांना आणलं. त्यांनी चष्मा पुसून पुसून पाहिला. दिवसा उडणारी ही प्रजाती नव्हे, पण हवा बिघडली असेल, असं म्हणाले.

टकळी म्हणाली की तो हलतच नाही, सारखा माझ्याकडे बघतोय. मी म्हटलं, स्थळ चांगलं आहे, हो म्हणून टाक. ती हसली, पण जेवण अर्धंच टाकलं.

गुरुवार, १४ मार्च

एकोणीस झाले. एकोणीसही तिच्याच खिडकीवर. माझी खिडकी त्याच भिंतीत, चार हातांवर, तिच्यावर एकही नाही. झाडूने हाकलले की उठतात, व्हरांड्याला एक घिरटी घालतात आणि पुन्हा तिथेच. पंखांचा आवाज येतो, कोणी सारखे कागद चाळतंय असा.

टकळीने सकाळपासून एक केळ खाल्लं. भूक नाही म्हणते. हे वाक्य तिच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. तापात सुद्धा ती खायला मागायची. आणि बोलत नाही. विचारलं तर उत्तर देते, आपणहून काही नाही. घरात इतकी शांतता आहे की मीच उगाच भांडी वाजवत बसले. मला हे बिलकुल आवडलेलं नाही.

शुक्रवार, १५ मार्च

ती खाटेवरून उठली नाही. दुखत नाही म्हणते, फक्त उठावंसं वाटत नाही. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, ताप पाहिला, दोन्ही ठीक. तोंड उघडायला सांगितलं तर चमचा जेमतेम आत गेला. ओठांचे कोपरे चिकटलेत, अशक्तपणाने होतं, मलम लावा, असं सांगून गेले.

मलम लावायला बसले आणि दिवा जवळ ओढला. कोपरे चिकटलेले नाहीत. चिकटलेलं दिसतं, मधे रेघ असते. तिथे रेघच नाही. दोन्ही बाजूंनी गाल पुढे आलाय आणि ओठ तेवढे कमी झालेत.

मला एक गोष्ट सुचते आहे. ती मी लिहिणार नाही.

शनिवार, १६ मार्च

लिहितेच. फिकट. जागची हलत नाही. तोंड नाही.

मूर्खपणा आहे हा. शिकली-सवरलेली बाई मी. म्हणून सकाळी सरळ संग्रहालयात गेले आणि जुनी नोंदवही काढली. प्रत्येक प्रजातीपुढे दोन तारखा असतात, वर्णनाची आणि नमुना आल्याची. नमुना नेहमी आधीचा हवा. सहा ठिकाणी वर्णन आधीचं निघालं. नमुना नंतर, चार दिवसांनी, आठ दिवसांनी. आणि या सहाही नमुन्यांपुढे ‘कोणी आणला’ हा रकाना कोरा.

सहावं वर्णन माझ्या आधीच्या बाईंच्या अक्षरात. खण क्रमांक नव्वद, अळीचा रकाना : अळी बहुधा केसांवर पोसली जात असावी. शाईत फक्त : अळी केसांवर पोसली जाते.

कपाटकाकांना धरून विचारलं. ते खुर्चीवर बसले, मग बोलले. आधीच्या बाई शेवटच्या आठवड्यात एवढ्या उकाड्यात डोक्याला घट्ट रुमाल बांधून यायच्या. एकदा वाकल्या तर वेणी निसटून मेजावर पडली. काकांनी उचलून दिली. आतून पोकळ होती. त्यात काहीतरी हलत होतं.

मी विचारलं, पुढे काय झालं. काका म्हणाले, घरी जा, बहिणीजवळ बस.

रविवार, १७ मार्च

हिला इथून न्यायचं. बस्स. गाडीवाल्याला सकाळी आठला बोलावलं. त्याने खांदे धरले, मी पाय धरले. उचलली तर टकळी किंचाळली. ती किंचाळी नाकातून आली, कारण तोंड आता फक्त बोटभर उरलंय.

पाठीखाली पाहिलं. बारीक, चमकदार तंतू. पाठीतून निघून चादरीत, चादरीतून गादीत, गादीतून खाटेच्या लाकडात. मी कात्रीने एक कापला. त्यातून रक्त आलं. तंतूतून! गाडीवाला पाहून उलट्या पावली पळाला, भाडंसुद्धा मागितलं नाही. मी तिथेच जमिनीवर बसून रडले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या बोटभर फटीतून म्हणाली की ताई, रडू नकोस गं, दुखत नाही.

पाणी थेंबाथेंबाने पाजलं. खिडकीची जाळी दिसेनाशी झाली आहे. सगळीकडे वाळल्या पानाचा रंग. खोलीत दुपारी दिवा लावावा लागतो.

मीच केलं हे. हसत हसत, तिच्या तोंडाकडे बघत बघत.

सोमवार, १८ मार्च

साहेबांसमोर हात जोडले. माझं वर्णन चुकलंय, रद्द करा. त्यांनी मला पाणी दिलं, बसवलं. शांतपणे सांगितलं की छापलेलं रद्द होत नसतं. ज्याने वर्णन केलं त्याला त्यात भर घालता येते, ती भर ते आनंदाने पक्की करतील. मी म्हटलं, बहीण मरतेय माझी. तर म्हणाले की मृत्यूचा प्रश्नच नाही, तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. या माणसाच्या हातात मी कधीच पेन्सिल पाहिलेली नाही. ते स्वतः एकही रकाना भरत नाहीत.

बाहेर आले तर पतंग विभागात सुतार होता. एकशे बाराचा खण काढून टाकायला सांगितलंय त्याला, नवीन करायचाय. माप कागदावर लिहून दिलं होतं. पाच फूट दोन इंच. टकळीची उंची पाच फूट आहे. दोन इंच टाचण्यांसाठी सोडले असतील.

मी ते वर्णनपत्र जाळलं. काडी लावली, राख झाली, राख नळाखाली धुतली. काही फरक नाही. प्रत छापली गेलीय.

मंगळवार, १९ मार्च

भर घालता येते ना? मग घालते. विचार करून करून डोकं फुटायची वेळ आली. ‘नामशेष’ लिहावं? नको. ती श्वास घेतेय. ‘मादीला तोंड असतेही’? साहेब म्हणाले, आधीचं खोटं पाडणारी भर चालत नाही. शेवटी लिहिलं : मादी ही माणूस नव्हे. किती हुशार मी! म्हटलं, आता टकळीला हात लावून दाखवा. साहेबांनी लगेच शाई फिरवली.

दुपारी घरी गेले.

तिने मला ओळखलं नाही.

मी हाक मारली, हात धरला, आईचं नाव घेतलं. ती माझ्याकडे बघतही नव्हती. डोळे काळे, पांढरं कुठे नाही. मान हलली ती फक्त खिडकीतल्या फडफडीकडे. कपाळावर, गालांवर मऊ लव आलीय, राखी —

वर्णन नमुना शोधत नाही. वर्णन नमुना करतं. जे लिहीन ते तिच्यावर उमटणार. आता एक अक्षर लिहायची माझी छाती नाही.

देवा, मी काय करून बसले.

बुधवार, २० मार्च

सकाळ. शेजारच्या प्रजातीची एक मादी चोरली. पंखहीन, बिनतोंडाची, वर्णनाला चपखल. एकशे बाराच्या जागी टोचली, लाल चिठ्ठी लावली. म्हटलं, घ्या नमुना. अर्ध्या तासात तिचा भुगा झाला. टाचणी तेवढी उभी. चिठ्ठी कोरी —

साहेब दारात उभे होते. ओरडले नाहीत. नमुना वर्णन करणाऱ्याने पाहिलेला असावा लागतो, लिहिताना, डोळ्यांसमोर, एवढंच म्हणाले आणि हसले.

लिहिताना डोळ्यांसमोर कोण होतं.

दुपार. कपाटकाका घरी आले. टकळीला पाहिलं, तोंड फिरवलं. मग जे शनिवारी सांगितलं नाही ते सांगितलं. आधीच्या बाईंना सहा वर्षांची लेक होती. तिची वेणी घालता घालता बाईंनी ते वाक्य लिहिलं होतं. अळ्या पहिल्यांदा लेकीच्या केसांत झाल्या. डोक्याची साल निघायला लागली पोरीच्या.

पण वर्णनाला एकच मूळ नमुना लागतो. एकच. आणि तो कोणता, हे लाल चिठ्ठी ठरवते. चिठ्ठी वर्णन करणाऱ्यानेच लावायची. तोवर नमुना ठरलेला नसतो, नुसता चालू असतो.

बाईंनी चिठ्ठी स्वतःच्या वेणीत माळली. लिहिताना त्यांचीही वेणी खांद्यावरून पुढे, डोळ्यांसमोर होतीच. दुसऱ्या दिवशी पोरीचं डोकं स्वच्छ. ती आत्याकडे वाढते, केस कमरेपर्यंत आलेत म्हणे. बाईंचं विचारलं तर काकांनी किल्ल्या चाचपल्या. नव्वद नंबरचा खण उघडू नका, म्हणाले.

मी नऊ तारखेला लिहिताना पेन्सिल धरलेला माझा हात मला दिसत होता. मांडी दिसत होती. समोर तिच्या खाटेमागे आरसा होता.

म्हणजे मीही होते डोळ्यांसमोर.

भीती वाटते, खूप वाटते. मला शूर बिर म्हणू नये कोणी. रात्रभर विचार करेन म्हटलं असतं, पण तिच्या चेहऱ्यावर उद्यापर्यंत फट उरेल की नाही —

गुरुवार, २१ मार्च

सकाळी सात. घरी, माझ्या खोलीत. दार आतून लावलंय. काका व्हरांड्यात. त्यांना सगळं समजावलंय. ती उठली की खायला द्या, गाडी फाटकाशी आहे, माझ्याबद्दल विचारलं तर ताई कामावर गेली म्हणा. तिला काही कळता कामा नये. ती भांडेल. ती फार भांडते.

चिठ्ठी लिहिली. लाल. क्रमांक एकशे बारा. मादी. मूळ नमुना. खाली माझी सही. अक्षर छान आलं.

टाचणी छातीच्या मधोमध. कपड्याला लावून पाहिली. गळून पडली. कातडीला लावली. राहिली.

साडेसात. काही नाही. काही नाही, काही नाही. चुकलं का? —

आठ. माझ्या जाळीवर एक.

साडेआठ. मोजता येत नाहीत. अंधार. तिच्या खिडकीत ऊन असेल आता. पलीकडून काकांचा आवाज. तिला उठवतायत. उठली! पावलांचा आवाज. चालते! चालते माझी बाय —

ओठांचे कोपरे गेले. दुखत नाही. खरं सांगत होती.

नऊ. पाठ खुर्चीला. उठून पाहिलं. उठता येत नाही. हात आहेत अजून. उजवा. घाई कर.

हाक मारून पाहिली. नाकातून. बंद केली, तिला ऐकू जाईल.

ती बोलतेय. ऐका. भिंतीपलीकडे. भूक लागली म्हणते. अंडी आहेत का विचारते. काकांना झापतेय, पाव शिळा आहे म्हणून. किती बोलते गं. बोल. बोल.

काका सांगतायत, गाडी उभी आहे. ती म्हणते, ताईशिवाय नाही.

ताई कामावर, काका म्हणतात.

गप्प झाली.

मग म्हणते — कामावर गेली तर दार आतून का लावलंय.

शहाणी माझी. जा ना.

दार वाजवतेय. ताई. ताई, आत आहेस ना. ताई, बोल ना गं. नुसतं हूं म्हण, मी जाते. दार फोडा म्हणते काकांना — नको, आत येऊ नको, बघू नको मला, टकळे, जा, मी आहे, मी ऐकतेय सगळं, मला फक्त ओ देता ये